शालूबाईची साक्ष

रहिमतपुराजवळच्या त्या गावात सकाळ नेहमीसारखीच उजाडली. शालूबाईने धार काढली, चूल पेटवली, भाकरीला पीठ घेतले. तिचा नवरा लालासाहेब हात धुऊन आत आला आणि म्हणाला, "आज पुरान घाल. दुपारी मानसं येणारेत. जतच्या बनूसंगं पाट लावतोय."

"आन् मी?"

"तू हाईस की. तुला कोन घालवतंय?"

लग्नाला इतकी वर्षे होऊन मूल नाही, एवढाच तिचा गुन्हा. तिने डोळे पुसले आणि डाळ चुलीवर ठेवली.

पाट म्हणजे विधवेचे दुसरे लग्न. रीत चांगली. कोवळ्या वयात कुंकू पुसलेल्या बाईला या रीतीमुळे पुन्हा घर मिळते. पण या चांगल्या रीतीच्या आडोशाने पुरुष एक बायको घरात असताना दुसरी आणतात. कायद्याने याला बंदी येऊन वर्षे लोटली, तरी तसल्या पंगतीला जायचे कुणी सोडले नाही. शालूबाईने स्वयंपाकघराच्या दारातून सगळे पाहिले. नवे लुगडे, ओटी, वडीलधाऱ्यांनी एकमेकांना टेकवलेली दोघांची कपाळे, वाटलेला गूळ. रीतीत काही उणे राहिले नाही.

महिनाभरात तिचे अंथरूण गोठ्यात गेले. मग ती वडूजला माहेरी आली. रजेवर आलेला तिचा फौजी भाऊ नाथाजी तिला साताऱ्याला गोसावी वकिलांकडे घेऊन गेला आणि फिर्याद दाखल झाली. खटला उभा राहीपर्यंत वर्ष उलटून गेले.

साक्षीच्या आदल्या दिवशी वकिलांनी तिला समोर बसवले. "बाई, दिल्लीच्या सर्वोच्च कोर्टानं अलीकडेच निकाल दिलाय. नवऱ्यानं दुसरी घरात आणली एवढ्यानं भागत नाही. दुसरं लग्न शास्त्राप्रमाणे, नाहीतर तुमच्या रीतीप्रमाणे पुरतं लागलं, हे शाबित करावं लागतं. तरच त्याला शिक्षा. गावातलं कुणी तोंड उघडणार नाही. तुम्ही पाहिलंय, तेवढं सांगा."

"म्हंजी ती बी त्याची लग्नाची बायको, आसं मी म्हनू?"

"पाट रीतीनं लागला, एवढंच म्हणा."

शालूबाईने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी कोर्टात लालासाहेब कडक फेटा बांधून आला होता. मागे बनूबाई, कडेवर तान्ही मुलगी, कपाळाला ठसठशीत कुंकू. शालूबाईची नजर त्या कुंकवावरून हलेना. नवऱ्याच्या वकिलाने ते बरोबर हेरले. गोड आवाजात तो म्हणाला, "बाई, तुमचं लग्न कसं लागलं?"

"मांडवात. भटजी, होम, सप्तपदी, समदं झालं."

"आणि हिचं?"

"हिचं कसलं लगीन? ना भटजी, ना होम, ना कसली रीत. गूळ वाटला आन् घरात घेतली. बायको मी हाय. ही कोन न्हाई."

गोसावी वकिलांनी डोळे मिटून घेतले. शालूबाईला मात्र गोठ्यातून घरात परतल्यासारखे वाटले. तेवढ्या एका क्षणासाठी तिने सगळे घालवले, आणि मला तिचा राग येत नाही.

दुसरे लग्न शाबित नाही म्हणून आरोपी सुटला. लालासाहेबाने गावभर पेढे वाटले.

दोन वर्षांनी वडूजच्या दारात बनूबाई उभी राहिली. पोरगी काखेत पेंगत होती.

"आक्का, आज त्यो तिसरी आनतोय. मला म्हनला, तू बायको न्हाईसच, कोर्टानंच सांगितलंय, जा जतला. पुरान मलाच घालाय लावलं. घातलं आन् एष्टीनं हिकडं आले. मला तुमच्या वकिलाकडं न्या. माझा पाट लागताना तुमी दारात उभ्या हुता. एवढं सांगा त्यास्नी."

शालूबाईने तिला आत घेतले. मग म्हणाली, "हुते उभी. समदं बघितलं. म्या खोटं बोलले, बनू. तुला बायको म्हनवंना मला."

"मग आता खरं सांगा."

"आता माझं कोन खरं मानतंय?"

तिने पोरीला मांडीवर घेतले आणि दुधात भाकरी कुस्करली. दोघींपैकी कुणी रडले नाही.

तिकडे गावात पंगत उठली होती. पुरण फार छान झाले होते, असे जेवून आलेले सांगत होते. त्यांत, वाचकहो, तुमच्या-माझ्या ओळखीचे पुष्कळ होते.