तापमान नावाची फाईल

"बाबा, पुन्हा बंद पडला." रुचिकाने लॅपटॉप ओढणीत धरून आणला. तवा उतरवावा तसा तो चटकन टेबलावर ठेवला. "अकरा मिनिटं चालला फक्त. हात लावून पाहा."

चंद्रभानने हात लावला नाही. गेल्या नऊ महिन्यांत त्याने या लॅपटॉपला शिवलेलंही नव्हतं. देवळीच्या एका कॉलेजात तो बावीस वर्षांपासून संगणक प्रयोगशाळेचा परिचर होता. तिथली बत्तीस यंत्रं त्याच्या फुंकरीवर चालतात असं प्राध्यापक म्हणत. हा लॅपटॉप मात्र त्याच्या बायकोचा, सपनाचा होता. पिपरी मेघे गावातल्या या घरात, माडीवरच्या टिनाच्या खोलीत बसून ती त्यावर सर्वेक्षणाचे अर्ज भरायची. मे महिन्यात ती गेली, आणि रुचिकाने तो कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. आता तिच्या प्रोजेक्टसाठी काढावा लागला होता.

"दुकानात देऊन येऊ का?" तिने विचारलं.

"काऊन? मी हावो नं घरी."

त्याने लॅपटॉप थंड होऊ दिला, मग सुरू केला. त्यावर लिनक्स त्यानेच टाकून दिलं होतं आणि वापरकर्ता म्हणून तिचं नाव घातलं होतं. काळी खिडकी उघडली. हुकूम लिहायची ओळ जिथून सुरू होते, तिथे लिहिलेलं होतं: सपना. त्याने एक हुकूम दिला, खाली नवी ओळ आली. पुन्हा सपना. दुसरा दिला, पुन्हा तेच. हाक मारल्यासारखं.

"बाबा?"

"काई नाई. याच्यात ताप मोजाचे सेन्सर कुठं कुठं हायेत, ते आधी शोधा लागते. त्याशिवाय आकडे दिसत नाई."

शोध सुरू झाला. यंत्र एकेक प्रश्न विचारू लागलं. प्रोसेसरमधला सेन्सर शोधू का? बोर्डावरच्या चिपा तपासू का? चंद्रभान प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत गेला. एका ठिकाणी सूचना आली की इथे चाचपडणं धोक्याचं ठरू शकतं. तिथे त्याचं बोट क्षणभर थांबलं. मग तिथेही त्याने हो म्हटलं. शेवटी दोन सेन्सर सापडले आणि आकडे उमटले. प्रोसेसर एक्क्याण्णव अंश. पंख्याचे फेरे शून्य.

"पंखा अडकला हाय," तो म्हणाला.

लॅपटॉप बंद करून त्याने मागचं झाकण उघडलं. पंख्यात धूळ आणि कापसाचे तंतू दाटून बसले होते, आणि पात्यांभोवती एक लांब केस गुंडाळलेला होता. रुचिका वाकून पाहत होती. तिचे केस खांद्यापर्यंतच होते. चंद्रभानने चिमट्याने तो केस न तोडता सोडवला आणि कागदावर ठेवला. रुचिकाने कागदाची घडी केली आणि ती आत निघून गेली.

पंखा फिरू लागला. पारा बावन्नावर आला. तासाभराने पुन्हा बघू म्हणून त्याने आकडे टिपून ठेवायचे ठरवले. फाईलला नाव दिलं 'तापमान'. यंत्राने विचारलं: या नावाची फाईल आधीच आहे. तिच्यावर लिहायचं का?

त्याने नाही म्हटलं आणि आधीची फाईल उघडली.

'१९ मे. दुपारी १. लॅपटॉपचा खालून चटका बसतो. यांना सांगितलं. म्हणाले, गरम होतेच.'

'२१ मे. १२:४०. बंद पडला. खाली ओला फडका ठेवला. यांना परत नाही सांगितलं. दिवसभर तेच करून थकून येतात.'

'२३ मे. १:१५. लॅपटॉप आज बरा आहे. मलाच कसंतरी होते. अंग तापलं, घामच येत नाही. यांना फोन करते.'

पुढे काही नव्हतं.

तो फोन त्याला आला होता. लॅबमध्ये परीक्षेची गडबड होती. "अहो, लय गरम होऊन राह्यलं," ती म्हणाली होती. "बंद कर अन् थोडा वेळ थंड होऊ दे," असं म्हणून त्याने फोन ठेवला होता. शेजारणीला ती चार वाजता बेशुद्ध सापडली. दवाखान्यात दोन दिवस काढले. शेवटचा फोन लॅपटॉपबद्दल होता, असं त्याने सगळ्यांना सांगितलं, आणि तो स्वतःही तसंच धरून चालला होता. पण लॅपटॉप 'गरम होऊन राह्यला' असता. ती 'राह्यलं' म्हणाली होती, स्वतःच्या अंगाबद्दल. दोन्ही शब्द तो जन्मापासून बोलत आला होता, आणि त्याला फरक ऐकू आला नव्हता.

त्याने रुचिकाला बोलावलं आणि फाईल वाचायला दिली. तिने वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. "आजीले सांगा," ती म्हणाली. "तुमीच सांगा."

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर तो देवळीतल्या त्या गल्लीत शिरला, जिला नऊ महिने तो वळसा घालून जात होता. सुलोचनाबाई, त्याची सासू, खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती.

"जवाईबापू? या. लय दिवसानं." तिने खुर्चीकडे हात केला. या घरात जावई खुर्चीवरच बसायचा.

त्याने कागदावर उतरवून आणलेल्या नोंदी वाचून दाखवल्या. मग फोनवर ती काय बोलली, तो काय बोलला, हे जसंच्या तसं सांगितलं. "मले कळलंच नाई, आत्याबाई. मी तिले बंद कर म्हटलं."

सुलोचनाबाईचे हात थांबले.

"मलेही फोन केलता तिनं," ती म्हणाली. "त्याच दुपारी. म्हणे, आई, डोकं फुटून राह्यलं. मी म्हटलं, ऊन लागलं असंन, कांदा ठेव जवळ अन् पडून राह्य. माह्याकडं पाहुणे होते." तिने पदराने तोंड पुसलं. "कोणाले सांगतलं नाई मी. तुमी येत नाई तर बरंच वाटे मले."

बाहेर गल्लीतून एक मोटारसायकल गेली.

सुलोचनाबाईने शेंगांचं सूप उचलून जमिनीवर ठेवलं आणि खाटेवर एका अंगाला सरकली. चंद्रभान खुर्चीवरून उठला आणि तिच्या शेजारी जाऊन बसला.