शांत घोडी

सत्यवतीने सुई काढली आणि मैनाच्या मानेवर कापसाचा बोळा दाबून धरला. घोडीने पुन्हा वळून आपल्या पोटाकडे पाहिलं, पुढच्या खुराने फरशी खरवडली आणि गुडघे दुमडायला सुरुवात केली.

"बसू देऊ नका, लोळेल. फिरवा तिला."

"उठ वं माय, उठ." टांगेवाल्या नत्थूजीने लगाम ओढला. "काल दसरा होता ना बाई. गल्लीतल्या बायांनी ओवाळलं हिले. कोनी पुरनपोळी चारली, कोनी भिजवलेले हरभरे. सणाच्या दिवशी नाई कसं म्हनू?" मग त्याने सत्यवतीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मोठे डॉक्टर नाईत काय?"

"काटोलला गेलेत. शिबिर आहे."

"मंग तुमीच?"

"मीच."

जनावरांच्या त्या दवाखान्यात घोड्यांच्या पोटशूळाची वेदना थांबवणाऱ्या दोन औषधांची तुलना चालू होती. एक जुनं, एक नवं. दोन्हींच्या बाटल्या सारख्याच. एकीवर 'अ', दुसरीवर 'ब'. कोणत्या बाटलीत काय आहे, हे फक्त मोठ्या डॉक्टरांना, वामनराव सरांना, ठाऊक होतं. "पाहणाऱ्याला आधीच कळलं, की त्याला हवं तेच दिसायला लागतं," असं ते म्हणत. सत्यवतीला ते मनापासून पटलं होतं. जुन्या औषधाचा अंमल दुपारपर्यंत ओसरे, नव्याचा रात्रीपर्यंत टिके. मैनाच्या वाट्याला 'ब' आली होती.

थोड्याच वेळात मैनाचं खरवडणं थांबलं. अंगावरचा घाम वाळू लागला. तिने कान टवकारले आणि नत्थूजीच्या खांद्याला नाक घासलं.

"हे पाहा! उगाच नाटकं करून राहिली होती." तो हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते.

दुपार कलली तरी मैना तशीच शांत होती. नत्थूजी टांग्याकडे जाऊन जोत तपासून आला.

"नेऊ काय बाई? दीक्षाभूमीवरून सारे लोक टेसनाकडे निघाले. आज समद्यायचे टांगे भरून राहिले."

"थोडं थांबा."

सत्यवतीने जबड्याखाली बोटं ठेवली. नाडी सकाळी होती तशीच धावत होती. कुशीला स्टेथोस्कोप लावला. आतड्यांची गुरगुर कुठेच नव्हती. सकाळी शेपटीखालून हात घालून आतडी चाचपली होती, पण खात्रीने सांगावं असं काही लागलं नव्हतं.

'ब' जुनं असेल, तर त्याचा अंमल केव्हाच संपला होता आणि ही शांतता मैनाची स्वतःची होती. नाडी काय, परक्या जागी भीतीनेही चढते. पण 'ब' नवं असेल, तर ही शांतता औषधाची होती आणि तिच्याआड आतड्याला पीळ पडलेला असू शकत होता. पीळ सोडवायला पोट फाडू शकेल असा एकच डॉक्टर, कामठीच्या छावणीत. आणायचं तर अंधाराआधी आणा, असं त्याने कळवलं होतं. आणि त्या टेबलावरून पुन्हा उभे राहिलेले घोडे फार थोडे. बऱ्या होणाऱ्या घोडीला तिथे कसं पाठवायचं?

ती मैनाच्या पुढच्या खुराकडे पाहत राहिली. खूर हलत नव्हता.

"काय पाहून राहिल्या बाई?"

"दुखतंय का ते."

"नाई दुखत."

"दुखलं असतं तर कळलं तरी असतं," तिच्या तोंडून निघून गेलं.

नत्थूजीने लगाम जवळ ओढून घेतला. "तुमी तिच्या दुखन्याची वाट पाहून राहिल्या? काहून बाई? काय केलं तिनं तुमचं?"

तेवढ्यात कारकुनाने हाक मारली. काटोलचा ट्रंक कॉल लागला होता.

ती धावत आत गेली. रिसीव्हरमध्ये खरखर होती. तिने सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी विचारलं, "सर, 'ब' म्हणजे काय?"

"ते विचारू नकोस. सकाळपासून एकदाही दुखलं नाही?"

"एकदाही नाही."

"नाडी?"

"उतरत नाही. आतडी गप्प आहेत."



"सत्यवती, ही घोडी तुलनेतून वगळ."

"सर?"

"छावणीला फोन कर, निघालात म्हणून. आणि ट्रक बघ. लगेच."

ती बाहेर आली तेव्हा नत्थूजी मैनाच्या कपाळावर हात फिरवत होता. सत्यवती त्याच्याजवळ गेली आणि हळू आवाजात, काहीही न लपवता, सांगू लागली. त्याचा हात थांबला.

"पन दिसते तर चांगली," अखेरीस तो म्हणाला.

"हो. नव्या औषधामुळे."

ट्रक आला. मागची फळी खाली टेकली. घोडी बिथरली तर चढवायला म्हणून दोन माणसं दोर घेऊन उभी राहिली.

"चाल वं माय," नत्थूजी म्हणाला.

दोराची गरज पडली नाही. मान उंच धरून, एकेक पाय नीट टाकत, मैना त्याच्या मागोमाग ट्रकात चढली.