कोपरे नसलेला ढीग

माझी खोली बांधून झाली. पण ते तुम्हाला कळलंच नाही असं समजा. मी अजून बाथरूमसमोरच्या बोळकांडीत पलंग टाकून झोपतोय आणि रोज पहाटे घरातला प्रत्येक माणूस मला "पाय घे" म्हणून उठवतोय.

खोली वरच्या मजल्यावर व्हायची होती. त्यासाठी ट्रकने घरासमोर रस्त्यावर वाळू ओतली आणि तासाभरात मोजणीवाले साहेब हजर झाले. रस्त्यावर तीन घनमीटरपर्यंत वाळू ठेवता येते. त्याच्या वर गेली की कार्यालय ती उचलून नेतं आणि वाळूबरोबर माझी खोलीही जाते.

"वर बैस जरा, उंची कमी होईल," आत्या माझ्या कानात म्हणाली.

मी बसलो. उंची कमी झाली, घेर वाढला. ढीग आमच्यापेक्षा हुशार निघाला.

साहेबांनी टेप लावली. "लांबी तीन मीटर, रुंदी तीन मीटर, उंची एक मीटर वीस. गुणाकार दहा पूर्णांक आठ. उचलावी लागणार."

"अहो, पण कोपरे कुठायत?" आत्या म्हणाली. ती शिवणकाम करते. घेर, उंची आणि टोक या बाबतीत तिला कोणी शिकवू नये. "हा ढीग आहे, कपाट नाही. गोल धरलात तरी साडेआठ होतात, आणि टोकदार म्हणून त्याचा तिसरा हिस्सा."

"तिसराच का? अर्धा का नाही?"

आत्याने बटणांचा डबा रिकामा केला. डब्याच्या तोंडाएवढं तोंड आणि डब्याएवढी उंची असलेला कागदाचा शंकू कापून चिकटवला. त्यात काठोकाठ वाळू भरून डब्यात ओतली. एकदा, दोनदा, तीनदा. डबा शिगोशीग भरला.

"परत करा," साहेब म्हणाले.

तिने परत केलं. मग साहेबांनी स्वतः केलं, अगदी शर्टाच्या बाह्या सावरून. तिसऱ्या खेपेला त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सायकल चालवणाऱ्याचा आनंद होता.

"दोन पूर्णांक त्र्याऐंशी," आत्याने निकाल सांगितला. "तीनच्या आत."

"मला पटलं हो, ताई. पण फॉर्मला कसं पटवू?" साहेबांनी कागद दाखवला. लांबी, रुंदी, उंची. तीन रकाने. "यात शंकू बसत नाही."

आमचा गवंडी तोपर्यंत भिंतीला टेकून उभा होता. त्याला सगळे ओळंबा म्हणतात, कारण तो स्वतः कधीच सरळ उभा राहत नाही. तो म्हणाला, "मग शंकूला पेटीत बसवू की."

तीन बाजूंना जुन्या कपाटाचे पल्ले उभे केले. चौथ्या बाजूला काही मिळेना. ओळंब्याने घरात फेरी मारली आणि माझा पलंग घेऊन आला. आडव्या अंगावर उभा केला, तर बरोबर दोन मीटर लांब, एक मीटर उंच!

"अरे, माझा पलंग!"

"खोली हवीय ना?" आत्या म्हणाली. "मग फावडं घे."

दुपारपर्यंत आम्ही वाळू आत लोटली. दोन-तीन घमेली उरली, ती आईने कुंड्यांत घातली. साहेबांनी टेप लावली. दोन, एक पूर्णांक चार, एक. गुणाकार दोन पूर्णांक आठ. सही केली आणि जाता जाता पलंगावर शिक्का मारला: 'मंजूर ढिगाची बाजू. परवानगीशिवाय हलवू नये.'

आता सुरुवातीला जे कळलं नव्हतं ते कळलं तरी चालेल. वाळू संपली, खोली झाली. ऐसपैस आहे. मी फरशीवर झोपतो. पलंग रस्त्यावर उभा आहे आणि येणारे-जाणारे त्याला वळसा घालतात.

मी कार्यालयात गेलो. साहेब प्रेमाने म्हणाले, "ढीग संपल्याचा फॉर्म भर." फॉर्म तोच. लांबी, रुंदी, उंची.

"शून्य, शून्य, शून्य," मी म्हणालो.

"शून्य चालत नाही. मोजायला काहीतरी हवं."

"मग थोडी वाळू आणून ठेवू?"

"ठेव. पण शंकू नको."

घरी आल्यावर आत्या म्हणाली, "लेखी दे." म्हणून दिलं:

'माननीय महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती की, अस्तित्वात नसलेल्या ढिगाची चौथी बाजू अर्जदारास झोपण्यासाठी परत मिळावी. ते शक्य नसल्यास, यापुढे ट्रकमधून ओतलेली वाळू चौकोनीच पडावी, असे लेखी आदेश संबंधित वाळूस तातडीने देण्यात यावेत.'