भागिरथा बसली तो बाक

माणसं येतात, माझ्यावर टेकतात आणि समोरच्या बंद दाराकडे पाहत राहतात. आपण कशावर बसलो आहोत, हे कोणी पाहत नाही. म्हणून मी आयुष्यात पाहिलं थोडं आणि ऐकलं फार. मित्रांनो, मी सागाचा एक जुना बाक आहे.

रिसोडच्या तय्यब मिस्त्रींनी मला घडवलं. कापसाच्या एका पाडलेल्या जिनिंग कारखान्याच्या छताचं लाकूड त्यांच्याकडे आलं होतं. ते त्यांनी चार दिवस रंधलं आणि दोन दिवस नुसतं घासलं. एवढं कशाला घासता, असं कोणी विचारलं, तर म्हणाले की आमदाराच्या दारात चांगल्या कपड्यातली माणसं कमी येतात. कोणाचं असलेलं एकच लुगडं लाकडाच्या कुसळाला अडकून फाटलं तर तो गुन्हा माझा.

मी गेलो उकंडरावांच्या संपर्क कार्यालयात. उकंडराव विधान परिषदेचे आमदार होते. शेतमजुराच्या घरातून शिकून वर आलेले. सोयाबीनच्या दिवसांत बाजारात गर्दी उसळली की माझ्यावरही गर्दी व्हायची. कोणाला बदली हवी असे, कोणाला दाखला, कोणाच्या गावच्या शाळेला छप्पर नसे. उकंडराव प्रत्येकाला नावाने हाक मारत. त्यांच्यामुळे कितीतरी गावांना रस्ते झाले. काम झालेली माणसं जाताना माझ्या हातावर थाप मारून जात. मला वाटे, आपणही त्या कामात थोडे आहोत. बारा वर्षं मी तिथे होतो आणि त्यातली दहा वर्षं मी फार सुखात काढली.

अकराव्या वर्षी एका सोमवारी सुकेशनी सिस्टर आल्या. त्या रिठद गावच्या दवाखान्यात नर्स होत्या. रजा टाकून आल्या होत्या. त्यांच्याबरोबर भागिरथा नावाची बाई होती, वय चौतीस-पस्तीस. ती बसताना दोन्ही हात माझ्यावर टेकवून, हळूच, म्हाताऱ्या माणसासारखी बसली. बाकाला वजन कळतं, मित्रांनो. त्या वयाच्या बाईचं असायला हवं त्यापेक्षा तिचं वजन फार कमी होतं.

तिच्या बाबतीत काय झालं होतं, ते सुकेशनीताईंनी उकंडरावांचे सहायक हसनैन यांना सांगितलं आणि मी ऐकलं. भागिरथाला तीन मुलं होती. चौथं नको, हे तिचं आणि तिचा नवरा जगदेव याचं ठरलेलं होतं. त्यासाठीचा उपायही त्यांनी केला होता. तो फसला. तिला गर्भपात करून हवा होता. तुमच्यातल्या मोठ्यांना हा शब्द ठाऊक असेल. लहानांनी घरी विचारावा, आणि विचारताना लाजू नये. त्या लाजेचीच ही गोष्ट आहे.

कायदा तिच्या बाजूने होता. मुदतही शिल्लक होती. ती एका सरकारी दवाखान्यात गेली. ते काम येणारे डॉक्टर रजेवर होते. पुढच्या सोमवारी ये, असं तिला सांगितलं. पुढच्या सोमवारी नवऱ्याची सही मागितली. खरं तर सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, पण ते तिला कोणी सांगितलं नाही. जगदेव ऊसतोडीला गेला होता. तो येईपर्यंत आणखी दिवस गेले. सही घेऊन गेली, तर दुसऱ्या गावी जा म्हणाले. मजुरी बुडवून ती किती वेळा जीपमध्ये बसली, हे तिचं तिलाच आठवत नव्हतं. शेवटी घाबरून तिने एका अडाणी माणसाकडून गोळ्या आणून घेतल्या. ती वाचली, पण अकरा दिवस अकोल्याला पडून होती. तिची गर्भपिशवी काढावी लागली. आता तिला शेतात निंदायला वाकता येत नव्हतं.

उकंडराव बाहेर आले. त्यांनी खुर्ची मागवली नाही, तिच्याशेजारी माझ्यावरच बसले. दवाखान्यातलं कोण तुला नाही म्हणालं, त्याचं नाव सांग, मी पाहतो, असं ते म्हणाले.

भागिरथा म्हणाली, "‘नाई’ कोनीच नाई म्हनलं, साहेब. समद्यायनं ‘उद्या ये’ म्हनलं."

उकंडरावांनी मान खाली घातली. त्यांचा हात माझ्या कडेवर होता. तो घट्ट झाला, हे मला कळलं.

त्या दिवसापासून कार्यालयात एक नवं काम सुरू झालं. हसनैन वकिली शिकलेले होते. त्यांनी आणि सुकेशनीताईंनी मिळून एका विधेयकाचा मसुदा केला. आमदार सरकारात नसला तरी स्वतःच्या नावाने असं विधेयक मांडू शकतो. त्यात अवघड काही नव्हतं. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हे काम येणारा डॉक्टर ठरलेल्या दिवशी हजर असावा. नसला, तर सरकारच्या गाडीने बाईला दुसरीकडे न्यावं आणि घरी आणून सोडावं. कायद्यात नाही असा एकही कागद तिच्याकडे मागू नये. तिचं नाव बाहेर जाऊ नये. उकंडरावांनी मसुदा दोनदा वाचला, एक ओळ बदलली आणि सही केली. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तो मांडायचा, असं ठरलं. एकट्याने मांडून उपयोग नाही, चार जण पाठीशी हवेत, म्हणून त्यांनी ओळखीच्या आमदारांना चहाला बोलावलं.

तिघे आले. मित्रांनो, मला वाटलं होतं की कोणीतरी चिडेल, वाद घालेल. तसं काही झालं नाही. पहिले म्हणाले की विषय शंभर टक्के बरोबर आहे. पण आपण इतकी वर्षं मुलगी वाचवा म्हणून गावोगाव बोर्ड लावले. गर्भात मुलगी आहे म्हणून ती पाडणं हा गुन्हा, आणि बाईला तिच्या कारणासाठी कायद्याने मिळणारा उपचार ही वेगळी गोष्ट. हा फरक मला कळतो, विरोधकालाही कळतो, पण तो सभेत तसं सांगणार नाही. दुसरे म्हणाले की निवडणूक होऊन जाऊ द्या, मग बघा मी कसा बोलतो. दोघांनी चहाचं कौतुक केलं आणि दोघे गेले.

तिसऱ्या एक बाई होत्या. त्या निघाल्या, पण गाडी यायला वेळ होता म्हणून माझ्यावर बसल्या. सुकेशनीताई तिथेच होत्या. दोघी शेजारी शेजारी. थोड्या वेळाने त्या आमदार बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "माह्या घरातबी हे झालं हाय, सिस्टर. पन मी उभी राह्यली त लोक इचारतीन, हिले काहून एवढी मायती? पुरुष बोलला त त्याले कोनी असं इचारत नाई."

सुकेशनीताईंनी आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली त्यांच्यापुढे केली. बाई पाणी प्यायल्या. गाडी आली आणि त्या गेल्या. त्या बसल्या होत्या ती जागा नंतर बराच वेळ गरम होती. मला त्यांचा राग आला नाही. पण भागिरथाही त्याच जागी बसली होती, हेही मी विसरू शकलो नाही.

अधिवेशनाला आठ दिवस उरले तेव्हा उकंडरावांनी हसनैनना आत बोलावलं. दार उघडं होतं. या खेपेला राहू द्या, असं ते म्हणाले. हसनैननी विचारलं, पुढच्या अधिवेशनात नक्की का? उकंडराव म्हणाले, पाहू. हसनैननी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि सही केलेला मसुदा टेबलाच्या खणात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सुकेशनीताई आणि भागिरथा आल्या. साहेब आत होते, हे त्यांना माहीत होतं. बाहेर गाडी उभी होती. त्या सकाळपासून बसल्या. दुपारी डबा खाल्ला. चारच्या सुमारास मागच्या अंगणाचं दार वाजलं आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत उकंडराव त्या दाराने कधी गेले नव्हते. भागिरथा म्हणाली, चला ताई, जीप चुकंल. तिच्या आवाजात राग नव्हता. मला तेच जास्त लागलं.

पुढच्या वर्षी त्यांची मुदत संपली. कार्यालय बंद झालं. टेबलं, कपाटं कोणी कोणी नेली. मी मागच्या अंगणात पडून राहिलो. एक पाय कुजायला लागला. पाठीवर कोंबड्या बसत. असंच संपायचं, असं मला वाटलं होतं. पण हसनैननी सुकेशनीताईंना फोन केला, आणि मी टेम्पोत बसून रिठदला आलो. तिथे दवाखान्याच्या ओसरीत पोरासोरांना घेऊन आलेल्या बायका भुईवर बसत होत्या. गावच्या सुताराने मला नवा पाय लावला. तो इतर तिन्ही पायांपेक्षा थोडा आखूड आहे, म्हणून कोणी बसलं की मी किंचित डुलतो.

एक दिवस उकंडराव आले, रक्तदाब मोजायला. बरोबर कोणी नव्हतं. रांग होती, म्हणून माझ्यावर बसले. सुकेशनीताईंनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. त्या फुगा दाबत होत्या. तेव्हा उकंडराव म्हणाले, "मी भ्यालो होतो, सिस्टर. मनानं मी तुमच्यासंगच होतो."

"मले ठाऊक हाय," सुकेशनीताई म्हणाल्या. "पन मनातलं कोनाले औषदावानी देता येत नाई, साहेब." मग आकडा वहीत लिहून त्यांनी सांगितलं की मीठ कमी करा, आणि येत्या शुक्रवारी नवे आमदार गावात येणार आहेत, त्या सभेला या.

सभा दवाखान्यासमोरच्या मोकळ्या जागेत झाली. पाहुण्यांसाठी मलाही बाहेर नेऊन ठेवलं. सत्कार झाले, नारळ झाले. नवे आमदार चांगलं बोलले. शेवटी सरपंचांनी आग्रह केला म्हणून उकंडराव उठले. आभाराचे दोन शब्द बोलतील, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी माईक हातात घेतला आणि गर्भपात हा शब्द उच्चारला. त्या जागी तो शब्द इतक्या मोठ्याने आधी कधी ऐकू आला नसेल. पुढच्या रांगेतल्या दोन-तीन माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

उकंडरावांनी कोणाचं नाव घेतलं नाही. विधेयकात काय होतं ते सांगितलं. मग म्हणाले, "मी त्याच्यावर सही केली आन् मांगच्या दारानं पळून गेलो. माह्या पळाल्यानं कायदा थांबला. बायायचे हाल थांबले नाई." एवढं बोलून ते माझ्यावर येऊन बसले.  त्यांच्या वजनाने मी डुललो.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नवे आमदार हसून म्हणाले की विषय चांगला आहे, आपण नक्की पाहू.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून भागिरथा उठली. एका हाताने शेजारणीच्या खांद्याचा आधार घेऊन ती सरळ उभी राहिली. बोलताना तिचा आवाज चढला नाही.

"कोनत्या तारखेले?" तिने विचारलं.

आमदारांनी आपल्या सहायकाकडे पाहिलं. सहायकाने वही काढली. भागिरथा बसली नाही. सुकेशनीताई उठल्या. मग तिची शेजारीण उठली, मग आणखी चार-पाच जणी. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी आमदारांनी वहीत विधेयक मांडायची एक तारीख लिहायला लावली आणि ती माईकवर वाचून दाखवली.

ती तारीख अजून यायची आहे, मित्रांनो. त्या दिवशी काय होईल, हे मला माहीत नाही. मी बाक आहे, मला फक्त थांबणारी माणसं माहीत. तुमच्यातलं कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी आमदार, कोणी दाराशी बसून आत नाव सांगणारा. माझ्या पायाला तेलपाणी नाही केलंत तरी चालेल. पण तुमच्या दारात कोणी येऊन बसलं, तर बाहेर या. जे सांगायचं असेल ते त्याच्या तोंडावर, त्याच दिवशी सांगा.

सभा संपल्यावर दोघे जण मला उचलून ओसरीत न्यायला आले, तेव्हा भागिरथा माझ्यावर येऊन बसली होती. तिने उठायची गडबड केली. ते म्हणाले, बसा बाई, आम्ही थांबतो.