वरच्या मजल्यावरची शेवंती

सरस्वतीला अक्षर आलं ते साठी उलटल्यावर. नात निशिगंधा पहिलीत होती. तिच्यासोबत पाटीवर गिरवता गिरवता नात राहिली मागे आणि आजीच पुढे निघून गेली. आता नात कॉलेजात जाते आणि मोबाइलपलीकडे काही वाचत नाही, आणि आजी कादंबरीपलीकडे काही वाचत नाही. वर्तमानपत्र तिला पटत नाही. त्यातली माणसं दुसऱ्या दिवशी नाहीशी होतात, असं तिचं म्हणणं. कादंबरीतली माणसं कधीही उघडून बघा, जागच्या जागी असतात.

तिची सगळ्यात लाडकी कादंबरी निळ्या पुठ्ठ्याची होती. मुलगा कान्हा एपीएमसी मार्केटमध्ये कांद्याच्या गाळ्यावर असतो, त्याने ती शेजारच्या रद्दीच्या ढिगातून उचलून आणली होती. नदीकाठच्या गावातली क्षिप्रा नावाची एक बाई, परदेशी गेलेला तिचा नवरा, खाष्ट सासू, आणि घाटाच्या पायऱ्यांवर बसून बघितलेली वाट, एवढीच गोष्ट. पण सरस्वतीने ती किती वेळा वाचली याला हिशेब नव्हता. पहिल्या वाचनात तिला दिसली फक्त अक्षरं. वेलांट्या, उकार, जोडाक्षरं. एकेक ओलांडून पुढे जायचं, मागे काय झालं ते लक्षात राहायचं नाही. दुसऱ्या वाचनात माणसं दिसायला लागली. तिसऱ्यात नवऱ्याचा राग आला. पुढे कधीतरी, गुडघे धरल्यावर, तिच्या ध्यानात आलं की सासू वाटते तेवढी वाईट नाही, तिचेही पाय दुखतात. हे आधीच्या वाचनांत कुठे लपलं होतं? सुकट निवडताना असंच होतं. एकदा निवडून सूप खाली ठेवावं आणि पुन्हा उचलावं, तर त्यात खडा असतोच.

ही कादंबरी ती फक्त स्वतःसाठी वाचत नसे. दुपारी ओट्यावर गोजराला वाचून दाखवायची. गोजरा तिची जन्माची जोडीदारीण. दोघी धवलारणी. सानपाड्यापासून जासईपर्यंत कुणाच्याही घरी लगीन निघालं की मांडवात या दोघींनी धवले गायचे. सरस्वतीने ओळ उचलायची, गोजराने झेलायची. धवल्याची रीत अशी की गाणं जुनंच, पण नावं त्या घरची घालायची. नवरीचं नाव, नवऱ्याचं, त्याच्या आईचं, सगळी जागच्या जागी बसवायची. आणि दुसरी रीत अशी की धवलारणीच्या तोंडून अभद्र शब्द येता कामा नये. मरण, काडीमोड, वांझपण यातलं काही मांडवात उच्चारायचं नाही.

तर सरस्वतीने कादंबरीही तशीच वाचली. क्षिप्रा हे नाव तिच्या तोंडातून निघेना, तेव्हा तिची शेवंती झाली. नवऱ्याचा हरी झाला. नदीची खाडी झाली, घाटाच्या पायऱ्यांचा झाला धक्का. सासूला तिने गोजराच्या सासूचंच नाव दिलं, त्यावर गोजरा पोट धरधरून हसली. आणि शेवटच्या प्रकरणात, जिथे क्षिप्रा तापाने पायऱ्यांवरच मरते, तिथे सरस्वतीने पुस्तक मिटून सांगितलं की होडी धक्क्याला लागली, हरी उतरला, घर भरलं. पुढेही दरवेळी ती होडीपाशीच थांबायची. ते प्रकरण तिने स्वतःसुद्धा पुन्हा उघडलं नव्हतं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग सरस्वतीच्याच घराच्या तिसऱ्या मजल्यावर जयमालाबाई भाड्याने राहायला आल्या.

बाई साताऱ्याकडच्या, शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेल्या. सामान थोडं आणि पुस्तकांची खोकीच खोकी. खोकी वर चढताना बघून सरस्वतीचा जीव सुपाएवढा झाला. ती गुडघे धरून तीन मजले चढली. बाईंनी हौसेने सगळं दाखवलं.

"ही सगली वाचलाव तुमी?" सरस्वतीने विचारलं.

"एक खोकं सोडून सगळी, मावशी. वाचलेली वाटून टाकायची आणि नवीन घ्यायची."

"वाटून? मग परत वाचायची झाली तर?"

बाई हसल्या. "परत कोण वाचतं? आयुष्य केवढं आणि पुस्तकं किती! एकदा वाचलं की माझ्यापुरतं संपलं."

सरस्वती खाली आली ती अस्वस्थ होऊन. बाईंचे डोळे पानावरून सरसर उतरताना तिने पाहिले होते. आपण बोट ठेवून वाचतो. बोट उचललं तर ओळ हरवते. आणि ही बाई पोटभर जेवून उठल्यासारखी कादंबरीवरून उठते आणि ताटाकडे वळून बघत नाही. देवाने कुणाला दात द्यावेत आणि कुणाला चणे, हे तिला त्या दिवशी कळलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण बाईंना दुपारी एकटं वाटायचं आणि गोजराला चहा आवडायचा. एके दिवशी गोजरा कसला तरी प्रसाद द्यायला वर गेली ती दिवेलागणीलाच खाली आली.

"सरू, बाईचं वाचन आयकलंस काय गो तू?" तिने ओट्यावर बसायच्या आधीच सुरुवात केली. "नवरा बोलतो तवा आवाज जाडा, सासू बोलते तवा चिरका. मना वाटलं घरात चार मानसं हायेत."

"नाटकात होती काय ती?"

"आनि भरभर वाचते. तुजं कसं, एक वाक्य संपेपरत चाय निवते."

"मग पी ना तिकरंच गरम चाय."

"पितेच हाय," गोजरा म्हणाली. तिला टोमणा कळला नाही, किंवा कळूनही तिने तो ओट्यावरच ठेवला.

दुसऱ्या दिवशी गोजरा पुन्हा वर. तिसऱ्या दिवशीही. सरस्वती निळं पुस्तक मांडीवर घेऊन ओट्यावर बसायची आणि वाचायची नाही. ऐकणारं कुणी नसलं की अक्षरं पुन्हा पहिल्यासारखी सुटी सुटी दिसतात, हा शोध तिला नव्याने लागला. धवला एकटीने म्हणायला गेलं की अर्धी ओळ हवेतच राहते. तसं होत होतं.

मग तिने एक उद्योग केला. जिन्याखाली पाण्याची मोटर होती. बाईंच्या वाचनाची वेळ झाली की ती मोटर लावायची. मोटरीचा घरघराट तीन मजले चढायचा. गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली तेव्हा कान्हा म्हणाला, "आये, पानी फुकट चाललंय!"

"बाईला वर पानी पुरत नाय," सरस्वती म्हणाली.

वर बाईंनी फक्त आवाज चढवला. पन्नास पोरांच्या वर्गावर तयार झालेला गळा तो. आता खालच्या मजल्यावरच्यांनाही कादंबरी ऐकू यायला लागली. अकरा महिन्यांनी हिचं अॅग्रीमेंट वाढवायचंच नाही, असं सरस्वतीने मनाशी ठरवून टाकलं.

एका संध्याकाळी गोजरा खाली आली आणि न राहवून गोष्ट सांगायला लागली. "एक बाय हाय, शिपरा नावाची. नवरा गेलाय परदेशी. आपल्या शेवंतीसारखीच हाय जराशी, पन ही भारी हाय गो. पायऱ्यांवर बसते तं मना डोल्यांसमोर दिसते. शेवंती मना अशी कवा दिसली नाय."

सरस्वतीच्या हातातला लसूण तसाच राहिला.

शिपरा. नदी, पायऱ्या, परदेशी नवरा. बाईंच्या त्या वाचायच्या राहिलेल्या खोक्यात हीच कादंबरी होती तर. तिने इतकी वर्षं घासून पुसून वाढलेलं ताट, तेच ताट वरच्या मजल्यावर कुणी पहिल्यांदा वाढलं, आणि गोजरा बोटं चाटत होती! परकी कादंबरी असती तर सरस्वतीने एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण आपलीच बाई दुसरीच्या तोंडून जास्त जिवंत होते, हे तिला सोसेना.

ती बोलू शकत होती. 'अगो, ती शेवंतीच हाय,' एवढंच म्हटलं की झालं. शब्द जिभेवर आलेही. पण मग शेवटी काय होतं ते सांगावं लागलं असतं. ती लसूण सोलत राहिली.

आठवड्याभराने गोजरा खाली आली ती डोळे सुजवून.

"शिपरा मेली, सरू," ती म्हणाली आणि ओट्यावर बसून हमसून हमसून रडली. सरस्वतीने तिला असं कधी पाहिलं नव्हतं. गोजराचा नवरा गेला तेव्हासुद्धा नाही. तेव्हा दारात पाव्हणेरावळे होते, चुलीवर आधण होतं, पोरं लहान होती. तेव्हाचं सगळं आता आलं असावं. रडून झाल्यावर गोजराने पदराने नाक पुसलं आणि मोकळी हसली.

"तुज्या पोथीत कुनी मरतच नाय गो. म्हनून रडू येत नाय."

हे वाक्य सरस्वतीने दोन दिवस गिळलं आणि ते खाली उतरलं नाही. आपण हिला जपलं. मांडवातल्यासारखं शुभ शुभ वाढलं. आणि हिला हवं होतं ते रडू. ते दिलं कुणी, तर काल आलेल्या भाडेकरणीने!

तिसऱ्या दिवशी दुपारी गोजरा ओट्यावर येऊन टेकली. जरा चुळबुळली. मग म्हणाली, "सरू, तेवढी शिपरा मरते ती पानं मना परत आयकायची हायेत. बाईला बोलले, तं म्हनते, झालं की ते, आता दुसरी घेऊ. ती परत वाचत नाय. तू तिच्याकरून पोथी आन आनि वाच."

सरस्वती उठली. वर गेली नाही. आत गेली आणि कपाटातून निळं पुस्तक घेऊन आली.

"ही तं तुजी हाय. मी म्हनते बाईची आन."

"बाईची आनि माजी एकच हाय."

"एक कशी? तिच्यात शिपरा हाय. तुज्यात शेवंती."

"शिपरा म्हंजेच शेवंती. मना ते नाव बोलता येत नव्हतं. आपन धवल्यात नावं घालतो तशी घातली मी."

गोजरा पुस्तकाकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. खाडी, धक्का, हरी, एकेक करून ती सगळी पुन्हा नदीवर नेऊन ठेवत असावी.

"मग आपली शेवंती..."

"हां."

"मेली?"

"मेली."

"कवा?"

"पयल्यापासून मेलीच हाय ती."

गोजराचा चेहरा लाल झाला. "इतकी वर्सं मना जिती सांगितलीस तू?"

"धवलारनीच्या तोंडातून मरान कसं काढू गो?"

"मांडव हाय काय हा?" गोजराने ओट्यावर थाप मारली. "ओटा हाय! वाच आता. जशी हाय तशी वाच."

सरस्वतीने चष्मा लावला. मनात एकच होतं. बाईपेक्षा चांगलं वाचायचं. गोजराला असं रडवायचं की वरच्या मजल्यावरचं रडणं तिने विसरावं. जिथे पुस्तक मिटून ती होडी आणायची ते पान तिने ओलांडलं आणि घसा खाकरून सुरुवात केली.

ते प्रकरण तिने एकदाच वाचलं होतं, अक्षर लागलं त्या वर्षी. तेव्हा 'ताप' वाचताना तिला काना दिसला होता, ताप दिसला नव्हता. आता शब्द सबंध येत होते. क्षिप्रा पाणी मागते. सासू लोटी घेऊन पायऱ्या उतरते, एकेका पायरीवर थांबत, कारण तिचे गुडघे गेलेले आहेत. पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. सासू रडत नाही. खाली बसते, सुनेच्या पायातली जोडवी फिरली आहेत ती बोटाने सरळ करते, आणि आणलेलं पाणी पायरीवर ओतून टाकते.

'ओतून' या शब्दावर सरस्वतीचं बोट थांबलं. सासूचे दुखरे पाय तिला आधी दिसले होते, पण ते पाय कुठे जायला निघाले होते हे तिला माहीतच नव्हतं. एवढ्या वेळा वाचून ती या बाईला अर्धीच ओळखत होती. पुढची ओळ दिसेना. चष्म्यावर पाणी आलं होतं. तिने वाचायला तोंड उघडलं आणि हुंदकाच बाहेर पडला.

गोजराचे डोळे कोरडे होते. ती सरकून जवळ आली आणि सरस्वतीच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

"रड," ती म्हणाली. "माजं परवाच झालं. तुजं राह्यलं होतं."

सरस्वती रडली. रडता रडताच तिला आतून चरचरलं की हे आपलं रडू हिच्या मागून आलं. जिला आपण गोष्ट दिली, तीच आपल्या पुढे जाऊन या पायरीवर बसून आली होती, आणि तिला तिथे घेऊन गेली होती ती वरची बाई.

"झालं काय?" थोड्या वेळाने गोजराने विचारलं. "अजून किती हाय?"

"दोन पानं."

"मग आटप गो लवकर. चायला वर जायचं हाय. बाई आज नवीन चालू करनार हाय."

सरस्वतीने चष्मा काढला. पदराने एक काच पुसली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. चष्मा लावला. बोट पानावर फिरवलं.

"कुटं होते मी, ते सापडत नाय," ती म्हणाली, आणि तिने ते पान वरून पुन्हा वाचायला घेतलं, आधीपेक्षाही सावकाश.