घोंगडीतली पावडर

उज्वलानं रबरी मोजे चढवले आणि आईच्या पत्र्याच्या पेटीत कोपरापर्यंत हात घातला.

"का गं, साप हाय व्हय आत?" तानूबाईनं चुलीपुढूनच विचारलं. "इतक्या दिसांनी आलीस, ती दाक्तरीण होऊन."

उज्वला हसली नाही. पेटीच्या तळाची पांढरी पावडर तिनं चिमूटभर काचेच्या कुपीत भरली. घरात मेंढरं होती तेव्हाचा डीडीटीचा डबा तानूबाईनं देवासारखा जपला होता आणि त्यातलीच पावडर ती पेटीत भुरभुरायची. त्या पेटीत शिरायचं तर लोकर खाणारी कसर आधी पोराबाळांचा निरोप घेऊन निघते, अशी रिहे गावात ख्याती.

याच पेटीतली घोंगडी घेऊन पोरगी उत्तर ध्रुवाकडच्या बोटीवर गेली होती. ती कुठली नेतेय? तानूबाईनं एसटीनं पौडपर्यंत मागं जाऊन तिच्या बॅगेत कोंबली होती. घोंगडी अशी, की एकदा बिबट्यानं तोंड घातलं आणि दोन दात तिच्यातच ठेवून पळाला. दात कुठायत, असं विचारणाऱ्याला तानूबाई चहा देत नसे.

"कामाला आली का गं?"

"रोज अंगावर हुती, आये." उज्वलानं कुपीचं बूच घट्ट बसवलं. "तितं समुद्राच्या तळाचा गाळ काढायचो आमी. हिकडची शेतातली, गोठ्यातली औषधं पाण्यानं, वाऱ्यानं पार तितवर जात्यात. गाळात बसत्यात. लवकर मरत न्हाईत."

"मग? घावली?"

"लई घावली. पण गाळ न भरता तपासाया ठेवलेल्या रिकाम्या बरणीतबी घावली. गाळातली हाय का घोंगडीची, त्ये आता तपासायचं. घोंगडीची निघाली तर समदं काम पाण्यात."

तव्यावरची भाकरी करपली. आपल्या घरचं काहीतरी इतक्या लांब पोचलं, याचं हसू तानूबाईच्या तोंडावर येऊ लागलं होतं. ते तिनं पदरानं पुसून टाकलं.

"जेवून तरी जा."

"गाडी थांबलीया." उज्वलानं पिशवीतून घोंगडी काढून खुंटीला टांगली. "पुढच्या बोटीला ही न्हाई न्येता यायची."

गाडीची धूळ खाली बसेस्तोवर तानूबाई दारात उभी राहिली. मांडलेल्या दोन ताटांतलं एक तिनं शेळीपुढं सरकवलं. शेळीचं नाव सरपंचीण. ती कुणाचंच ऐकून घेत नसे.

"खा. आन् चल माझ्यासंगं."

ओढ्याच्या धारेत तिनं घोंगडी अंथरली. रिठे घालून बडवली, पायांनी तुडवली, पिळली, परत बडवली. पेटी आणली, तीही पाण्यात पालथी घातली. डबाही खरवडून धुतला. आता एक कण राहायला नको. पुढल्या खेपेला पोरीनं नुसतं म्हणावं, आये, घोंगडी कुटाय?

पाणी ताकासारखं पांढरं झालं आणि खडकांवरून नदीकडं निघालं. तानूबाई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत राहिली.

"जा बाबा," ती म्हणाली. "लांब जा. माझ्या पोरीच्या वाटंला परत येऊ नगंस."