दोन बोटं सैल

झाडांची मापं घ्यायचं काम शिंपीमास्तरांकडे आलं, तेव्हा सावली मंडळात कुणी भुवईसुद्धा उचलली नाही. मंडळ म्हणजे तरी काय, एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई, एक पाववाला आणि मास्तर. रविवारी सकाळी रोपं लावायची, उन्हाळ्यात बादल्यांनी पाणी घालायचं आणि आपल्या भागातल्या मोठ्या झाडांची वही ठेवायची, एवढाच कारभार. पण वहीला वजन होतं. छातीच्या उंचीवर घेर शंभर सेंटिमीटर भरला, तर सगळ्या रहिवाशांची सुनावणी घेतल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही, असा पालिकेचा नियम होता. शंभराच्या आत असेल, तर एक अर्ज करा आणि खुशाल कुऱ्हाड चालवा.

मग मापं कुणी घ्यायची? ज्याच्या गळ्यात चाळीस वर्षं टेप लोंबतेय त्यानं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

मास्तरांनी एकशे चाळीस झाडं मोजली, आणि तीही इतकी मन लावून की पाववाला म्हणायचा, "मास्तर, बाहीचं माप राहिलं." बाई आकडा लिहायच्या आणि शाळेतल्या सवयीनं त्याखाली रेघ मारायच्या.

खरं सांगायचं तर मास्तरांचा जीव एकाच झाडात होता. एका लांब भिंतीला टेकून त्यांची टपरी होती आणि टपरीला लागून ते झाड. सकाळी आठपासून दुपार कलेपर्यंत मशीनवर त्याची गार सावली असायची. त्या सावलीत मास्तरांनी बावीस वर्षं शिवणकाम केलं होतं, गिऱ्हाइकांशी भांडण केलं होतं आणि जेवणानंतर डुलक्याही काढल्या होत्या.

मग भिंतीमागचं घर एका नव्या मालकानं घेतलं आणि त्याला गाडीसाठी फाटक हवंसं झालं. भिंतीत फाटक निघण्यासारख्या जागा दोनच. एक टपरीची, दुसरी झाडाची. टपरीला पालिकेचा परवाना होता, तिला कुणी हलवू शकत नव्हतं. झाडाकडे कसला परवाना? मालकानं अर्ज ठोकला. मास्तर मात्र निर्धास्त. वहीत घेर लिहिला होता एकशे दोन. सोमवारी अकरा वाजता पालिकेचे निरीक्षक येणार, टेप लावणार आणि मालकाला वाटाण्याच्या अक्षता लावून जाणार.

रविवारी संध्याकाळी टपरी बंद करताना मास्तरांनी उगाच, मनाच्या समाधानासाठी, झाडाला पुन्हा टेप लावली. बायको शेजारी कापडांच्या घड्या घालत होती.

"अहो, झाड काय सदरा घालणार आहे का?"

"म्हणजे?"

"मग टेपेखाली दोन बोटं कशाला घातलीत?"

मास्तरांनी खाली पाहिलं. टेप आणि खोड यांच्या मध्ये त्यांची दोन बोटं अगदी घरच्यासारखी बसली होती. कपडा अंगाला काचू नये म्हणून दोन बोटं सैल ठेवायची, ही चाळीस वर्षांची खोड. हात आपोआप तेच करत आला होता. एकशे चाळीस झाडांना मास्तरांनी ढगळ सदरे बेतले होते!

त्यांनी बोटं काढली, टेप आवळली. अठ्ठ्याण्णव. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

मंडळ तिथल्या तिथे जमलं. "एवढंच ना?" पाववाला म्हणाला. "खोडाला चुन्याचे चार जाड हात देऊ. भरतील दोन सेंटिमीटर."

"आणि निरीक्षकांना ओला चुना दिसणार नाही?" बाईंनी विचारलं.

"बरं, मग जरा वर मोजू. तिथे गाठ आहे. छातीच्या उंचीवर म्हणजे कुणाच्या छातीच्या, ते नियमात कुठे लिहिलंय?"

"उंटावरचे शहाणे आहात," बाई म्हणाल्या आणि मास्तरांकडे वळल्या. "वहीत अक्षर माझं आहे, पण माप तुमचं. काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा."

सोमवारी निरीक्षक वेळेवर आले, हेच मुळात अशुभ होतं. घामानं निथळणारा, भला वाटणारा माणूस. मालक हाताची घडी घालून उभा होता. निरीक्षकांनी वहीतला आकडा पाहिला, खिशातून टेप काढली, मास्तरांच्या गळ्यातली टेप पाहिली आणि आपली पुन्हा खिशात टाकली. "तुम्हीच धरा, मास्तर. तुमचा हात सरावलेला आहे."

मास्तरांनी टेप फिरवली. बोटं गेलीच खाली. एकशे दोन. कुणाला काही दिसलं नव्हतं. फक्त बायकोनं पाहिलं आणि मान फिरवली.

"बोला," निरीक्षक पेन सरसावून म्हणाले.

मास्तरांनी बोटं ओढून काढली.

"अठ्ठ्याण्णव."

"वहीत तर एकशे दोन आहे."

मग मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. बोटांचं, सदऱ्यांचं आणि एकशे चाळीस चुकलेल्या आकड्यांचं. "सगळी झाडं पुन्हा मोजून देतो," ते म्हणाले. पाववाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. निरीक्षकांना हसू आलं, पण ते त्यांनी आवरलं. "वही नवी करा. हे झाड मात्र नियमात बसत नाही, मास्तर. माझा नाइलाज आहे." आणि त्यांनी तोडणीच्या परवानगीचा कागद सहीसाठी मालकापुढे धरला.

मालक सही करायचा थांबला. "गप्प बसला असता तर झाड वाचलं असतं की."

"हे एक वाचलं असतं," मास्तर म्हणाले. "पण पुढच्या झाडाच्या वेळी ही वही खोटी निघाली असती, तर निरीक्षकांनी मला दारात उभं केलं असतं का?"

बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. त्यांना रडू येत होतं आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही. त्यांनी झाडाकडे पाहिलं, टपरीकडे पाहिलं आणि नाक पुसलं.

"फाटक टपरीच्या जागी काढा," ते म्हणाले. "परवाना मी रस्त्याच्या समोरच्या कडेला बदलून मागतो."

"समोर? तिथे तर संध्याकाळपर्यंत ऊन असतं," मालक म्हणाला.

"असू दे."

"मला फाटक हवंय. झाडाशी माझं काही वैर नाही," मालक म्हणाला. त्यानं सही न करताच कागदाची घडी करून खिशात घातली. त्याचं मन पुन्हा बदलायच्या आत बाईंनी वहीचं कोरं पान फाडून सगळं लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

दुपारी सामान हलवायला सुरुवात झाली. रस्ता नुसता तापला होता. मशीनचं एक टोक बायकोनं धरलं आणि रस्त्याच्या मधोमध ती दम खायला थांबली.

"बावीस वर्षं मला वाटत होतं, तुम्हाला सावली आवडते," ती म्हणाली. "तुम्हाला झाड आवडतं होय!"

"चल, उचल," मास्तर म्हणाले. "गाडी येतेय."